आन्यो न्वेवोची एलिफंट सील पायवाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को आणि सांता क्रूझ यांच्या दरम्यान, आन्यो न्वेवो स्टेट पार्क आहे. हिवाळ्यात इथल्या पुळणीवर एलिफंट सील हे अवाढव्य समुद्री सस्तन प्राणी विणीसाठी येतात. गाइडबरोबर वाळूच्या टेकड्यांतून चालत गेलं की दोन-अडीच टनांचे नर, त्यांच्या माद्या आणि काळीभोर पिल्लं हाकेच्या अंतरावर दिसतात. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि आसपास, राहणारी मराठी मंडळी आणि त्यांच्याकडे आलेले आई-बाबा, सासू-सासरे, भाचरं यांच्यासाठी एका दिवसाची ही उत्तम सहल आहे. मात्र तारीख चुकली की पाच-दहा झोपलेले प्राणी पाहून परतावं लागतं. म्हणून पहिलं उत्तर मुद्दाम मोठं दिलं आहे.

नेमकं कधी जावं?

एलिफंट सील वर्षातले आठ-दहा महिने समुद्रात असतात. जमिनीवर ते वर्षातून दोनदा येतात, एकदा विणीसाठी आणि एकदा कात टाकण्यासाठी. कोणत्या महिन्यात कोण जमिनीवर असतं, हे ठरलेलं असतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला मोठे नर येतात आणि जागेवरून, वरचढपणावरून भांडायला लागतात. १ ते १४ डिसेंबर सीलचा परिसर लोकांसाठी पूर्ण बंद असतो. १५ डिसेंबर ते ३१ मार्च फक्त गाइडबरोबर जाता येतं. डिसेंबरच्या मध्यापासून गाभण माद्या यायला लागतात आणि किनाऱ्यावर आल्यापासून साधारण आठवडाभरात वितात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुळणीवर सर्वांत जास्त माद्या असतात.

एकच तारीख निवडायची असेल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य यांतली निवडा. या दिवसांत नरांची भांडणं, दूध पिणारी पिल्लं, क्वचित डोळ्यांसमोर होणारी वीण आणि फेब्रुवारीत समागम असं सगळं एकाच फेरीत दिसू शकतं. नरांच्या मोठ्या लढायांसाठीच जायचं असेल तर डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा बरा, कारण तेव्हा कोण कोणाच्या वरचा हे ठरायचं असतं. एकदा ते ठरलं की बहुतेक वाद नुसत्या आवाजावर मिटतात.

मार्चमध्ये माद्या समुद्रात परतलेल्या असतात. मागे उरतात दूध तुटलेली गुबगुबीत पिल्लं. गटागटाने लोळतात, डबक्यात पोहायला शिकतात. गर्दी कमी, प्राणी शांत, त्यामुळे लहान मुलांना घेऊन जायला हा महिना आम्हाला जास्त आवडतो.

आई-बाबा मे ते ऑगस्टमध्ये येतात. तेव्हा काही दिसेल का?

हो, पण वेगळं. एप्रिल-मेमध्ये माद्या आणि वयात न आलेले सील कात टाकायला येतात. त्या वेळी किनाऱ्यावर पुन्हा मोठी गर्दी असते. मे-जूनमध्ये तरुण नर येतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण वाढलेले नर. सप्टेंबर ते नोव्हेंबर लहान वयाचे सील विश्रांतीला येतात.

कात टाकणारा सील पहिल्यांदा पाहिला की माणूस दचकतो. कातडीची लक्तरं लोंबत असतात आणि खालून नवी राखाडी त्वचा दिसत असते. हा रोग नाही. बहुतेक सस्तन प्राण्यांचे केस थोडेथोडे गळतात. एलिफंट सीलचे केस आणि वरची कातडी मात्र महिनाभरात तुकड्यातुकड्यांनी एकदमच सुटतात. नव्या त्वचेसाठी रक्तपुरवठा शरीराच्या बाहेरच्या थरापर्यंत आणावा लागतो आणि थंडगार पाण्यात तसं केलं तर फार उष्णता वाया जाते. म्हणून हे काम ते जमिनीवर करतात.

आई-बाबांना उन्हाळ्यातच आणायचं असेल तर मे उत्तम. जुलैत मोठ्या नाकाचे नर दिसतात, पण ते बहुतेक वेळ झोपूनच असतात.

तिकीट कसं काढायचं?

हिवाळ्यातली गाइडबरोबरची फेरी आगाऊ आरक्षणाशिवाय जवळजवळ मिळत नाही. कॅलिफोर्निया स्टेट पार्क्सच्या ‘रिझर्व्ह कॅलिफोर्निया’ या संकेतस्थळावर तारीख आणि वेळ निवडून माणशी तिकीट काढायचं. तिकीट सुमारे ११ डॉलर, वर आरक्षणाचं थोडं शुल्क आणि पार्किंगचे सुमारे १० डॉलर वेगळे. दर बदलतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी संकेतस्थळावरचा आकडा पाहून घ्या.

जानेवारी-फेब्रुवारीतले शनिवार-रविवार आणि मार्टिन ल्यूथर किंग दिन, प्रेसिडेंट्स डे यांना जोडून येणाऱ्या सुट्ट्या सर्वांत आधी भरतात. घरच्या पाहुण्यांची विमानाची तिकिटं झाली की लगेच हे आरक्षण पाहा. शनिवार मिळाला नाही तर एक दिवस रजा काढून मंगळवार-बुधवारी जा. गर्दी कमी असते आणि रस्ताही मोकळा मिळतो.

एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये आरक्षण लागत नाही. प्रवेशद्वारावर त्या दिवसाचा परवाना घ्यायचा आणि स्वतःच चालत जायचं. पण परवाने दुपारी लवकर बंद होतात. जाऊन-येऊन दोन-तीन तास लागतात, म्हणून सकाळी ११ च्या आत पोहोचलेलं बरं. दुपारी साडेतीनला पोहोचून फाटकावरूनच परतणारी कुटुंबं बरीच असतात.

कसं पोहोचायचं?

स्वतःची किंवा भाड्याची गाडी हाच व्यवहार्य मार्ग. सॅन फ्रान्सिस्कोपासून हायवे १ ने दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटर, सांता क्रूझपासून उत्तरेला सुमारे ३२. सनीव्हेल, सॅन होजे, फ्रीमाँट इथून साधारण सव्वा ते दोन तास धरा.

सनीव्हेल-सॅन होजेकडून दोन रस्ते आहेत. पहिला हायवे ९२ ने हाफ मून बे आणि तिथून हायवे १ ने दक्षिणेला. दुसरा हायवे १७ ने सांता क्रूझ आणि तिथून उत्तरेला. दोन्हींत वळणं आहेत. नकाशावर हायवे ८४ जवळचा दिसतो, पण ला होंडाजवळची वळणं घाटासारखी आहेत. गाडी लागणाऱ्यांना त्या रस्त्याने नेऊ नका. सुट्टीच्या दिवशी हायवे ९२ वर गाड्यांची रांग लागते. ऑक्टोबरात हाफ मून बेला भोपळ्यांचा हंगाम असतो, तेव्हा तर फारच.

पेट्रोल हाफ मून बे किंवा सांता क्रूझमध्ये भरून घ्या. पार्कच्या आसपास मोबाइलची रेंज भरवशाची नाही. तिकीट आणि नकाशा घरूनच उतरवून ठेवा किंवा कागदावर छापून न्या. दोन गाड्यांतून जाणार असाल तर कुठे भेटायचं ते निघण्यापूर्वीच ठरवा, कारण तिथे फोन लागेलच असं नाही.

चालणं किती आहे? वाट कशी आहे?

जाऊन-येऊन ५ ते साडेसहा किलोमीटर, वेळ सुमारे अडीच तास. एका गटात साधारण २० जण असतात. सुरुवातीची वाट दाबलेल्या मातीची आणि सोपी आहे. ती झुडपांतून आणि गोड्या पाण्याच्या एका तळ्याजवळून जाते. या भागात सॅन फ्रान्सिस्को गार्टर स्नेक हा दुर्मिळ, संरक्षित आणि माणसाला निरुपद्रवी असलेला देखणा साप राहतो. पुढे वाळूच्या टेकड्या लागतात आणि खरी दमछाक तिथे होते. चढ मोठे नाहीत, पण मऊ वाळूत पाय रुततो आणि एका किलोमीटरला दोनाची मेहनत पडते.

रोज तासभर चालणाऱ्या सत्तरीच्या माणसाला ही वाट जमते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना उतारावरची सरकणारी वाळू चढापेक्षा जास्त त्रास देते. त्यांच्यासाठी चालायची काठी उपयोगाची. काठी सोबत असेल तर सुरुवातीलाच गाइडला दाखवा. मध्ये बसायला बाकं जवळजवळ नाहीत आणि एकट्याने मधूनच परत फिरता येत नाही, कारण गटाने एकत्र राहावं लागतं. शंका असेल तर आई-बाबांना आदल्या आठवड्यात जवळच्या कुठल्याही बीचवर पाऊण तास कोरड्या वाळूत चालवून पाहा. पार्कच्या माहितीपत्रकापेक्षा त्या पाऊण तासाने जास्त कळेल.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी किंवा फार चालू न शकणाऱ्यांसाठी काय?

पार्कमध्ये ठरावीक दिवशी वेगळी सुगम फेरी असते. त्यात गाडीने जवळ नेऊन लाकडी फळ्यांच्या वाटेवरून सील दाखवतात. तिच्या जागा थोड्या असतात आणि तिचं आरक्षण नेहमीच्या तिकिटांपेक्षा वेगळ्या मार्गाने होतं, त्यासाठी पार्कला आधी फोन करावा लागतो. ते जमलं नाही तर पिएद्रास ब्लांकास या दुसऱ्या किनाऱ्याचा पर्याय शेवटी दिला आहे.

लहान मुलांना न्यावं का?

तीन वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये. बाबागाडी वाळूत चालत नाही. पाठीवरच्या कॅरियरमधलं मूल तासाभरात कंटाळतं, रडतं, आणि गटाला सोडून जाताही येत नाही. सहा-सात वर्षांच्या पुढची मुलं मात्र रमतात.

एक गोष्ट मुलांना आधी सांगून ठेवावी. विणीच्या हंगामात मेलेलं पिल्लू दिसू शकतं. मोठ्या भरतीत आणि वादळात लाटा पिल्लांना ओढून नेतात. आईपासून ताटातूट झालेलं पिल्लू उपाशी राहतं. भांडणाऱ्या नराच्या वाटेत आलेलं चिरडलंही जातं. गाइड मध्ये पडत नाहीत. ‘त्यांनी त्याला का नाही वाचवलं?’ असं मूल नक्की विचारतं. दर वर्षी जन्मणाऱ्या पिल्लांपैकी अनेक पहिल्या वर्षातच जातात आणि तरीही ही जात वाढते आहे. माणसाने एका पिल्लाला उचलायला मध्ये घुसावं तर आजूबाजूच्या शंभर माद्या बिथरतात आणि आणखी पिल्लं तुडवली जातात. हे घरीच शांतपणे समजावून सांगितलं तर मुलं समजून घेतात.

काय घालावं, काय न्यावं?

हिवाळ्यातही तापमान १० ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, पण समुद्रावरून येणारा वारा अंगात भरतो. एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा तीन पातळ थर घाला. आत टी-शर्ट, वर फ्लीस, त्यावर वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट. कानटोपी हवीच. बंद बूट घाला, सँडल नको. साडी नेसणाऱ्या मावशी-काकूंनी त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस किंवा पँट घालावी. ओल्या वाळूत निऱ्या जड होतात आणि वाऱ्यात पदर सांभाळताना पायाकडे लक्ष राहत नाही.

छत्री चालत नाही. उघडलेली छत्री फडफडली की सील घाबरतात. फेरी पावसातही होते, म्हणून टोपीचा रेनकोट न्या.

प्रत्येकी अर्धा ते एक लिटर पाणी न्या. सीलच्या परिसरात खाणं नेता येत नाही. शेंगदाण्याची पुडीसुद्धा गाडीत ठेवा. डबा आधी किंवा नंतर पार्किंगजवळच्या टेबलांवर खाता येतो. मधुमेह असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी पोटभर खावं आणि औषध म्हणून ग्लुकोज खिशात ठेवायचं असेल तर गाइडला तसं सांगावं. आसपास शाकाहारी जेवणाची सोय तुटपुंजी आहे. पोळी-भाजी, ठेपले किंवा दहीभात घरून नेणं सर्वांत सोयीचं.

स्वच्छतागृह पार्किंगजवळ आहे. निघण्यापूर्वी सगळ्यांनी जाऊन यावं. गाइडबरोबर टेकड्यांत शिरल्यावर सोय नाही आणि आडोशाला जाण्याची परवानगीही नाही.

वेळेवर पोहोचलो नाही तर?

गट थांबत नाही. तिकिटावरच्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी पार्किंगमध्ये गाडी लावलेली असावी. तिकीट दाखवणं, स्वच्छतागृहात जाणं, बूट बदलणं आणि तिथून फेरी जिथे सुरू होते तिथपर्यंत चालत जाणं, हे सगळं त्या अर्ध्या तासात बसवायचं असतं. पाच-सहा जणांच्या कुटुंबाने पाऊण तास धरावा.

सीलपासून किती अंतर ठेवायचं?

निदान २५ फूट, म्हणजे साडेसात मीटर. एका लांबलचक मोटारीच्या दीडपट अंतर डोळ्यांपुढे आणा. सील हलला आणि तुमच्याकडे यायला लागला तर तुम्हीच मागे सरायचं. गाइड ‘थांबा’ म्हणाला की थांबा, ‘मागे’ म्हणाला की मागे. वाळूवर लोळागोळा होऊन पडलेला हा प्राणी थोड्या अंतरासाठी चकित करणाऱ्या वेगाने पुढे येतो. आणि मऊ वाळूत आपला पळण्याचा वेग किती असतो ते पळून पाहिल्यावरच कळतं.

टेकडीच्या वळणावर झुडपाआड किंवा वाळूच्या खळग्यात एखादा सील झोपलेला असतो आणि तो वाळूच्याच रंगाचा दिसतो. म्हणून वाट सोडू नका आणि कॅमेऱ्यात डोळा घालून चालू नका. वाटेवरच सील येऊन झोपला तर त्या दिवशी वाट बदलते. सीलला उठवत नाहीत.

१९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानुसार सीलला त्रास देणं अमेरिकेत गुन्हा आहे. त्रास म्हणजे फक्त हात लावणं नव्हे. तुमच्यामुळे प्राण्याने आपलं काम सोडलं, तो उठला, पळाला, पिल्लापासून दूर गेला, तरी तो त्रासच. ड्रोनला बंदी आहे. कुत्रा आणता येत नाही आणि गाडीत ठेवूनही जाऊ नये.

समोर नेमकं काय चाललेलं असतं? कशाकडे पाहावं?

नर आधी ओळखा. पूर्ण वाढलेला नर ४ ते ५ मीटर लांब आणि २,३०० किलोपर्यंत असतो. लोंबतं नाक आणि मानेवरची जाड, सुरकुतलेली, गुलाबी चामड्याची ढाल ही त्याची खूण. ती ढाल वर्षानुवर्षांच्या चाव्यांनी बनलेली असते. मादी ३ मीटरच्या आसपास, ४०० ते ८०० किलो, आणि तिचं नाक साधं. नवखे लोक मादीलाच पिल्लू समजतात. पिल्लू काळं असतं, जन्मताना ३४ किलोचं.

आता पिल्लाकडे नीट पाहा, कारण या किनाऱ्यावरची सर्वांत विलक्षण गोष्ट तिथे घडत असते. आईच्या दुधात निम्म्याहून अधिक चरबी असते. पिल्लू चार आठवडे दूध पितं आणि ३४ किलोवरून सव्वाशे-दीडशे किलोपर्यंत जातं. या काळात आई काहीच खात नाही, पाणीही पीत नाही. तिच्या अंगावरची चरबी दूध बनून पिल्लाच्या अंगावर चढत असते. जानेवारीच्या सुरुवातीची जाडजूड मादी आणि फेब्रुवारीतली खांदे दिसणारी मादी यांतला फरक लांबूनही कळतो. चार आठवडे पुरे झाले की ती समागम करते आणि पिल्लाला तिथेच सोडून समुद्रात निघून जाते. पिल्लू पुढचे दोन-अडीच महिने साठवलेल्या चरबीवर जगतं, उथळ पाण्यात स्वतःच पोहायला शिकतं आणि एप्रिलअखेरपर्यंत एकटंच समुद्रात जातं. त्याला कोणी वाट दाखवत नाही.

समागम झाला तरी गर्भ लगेच गर्भाशयाला चिकटत नाही. साधारण तीन-चार महिने तो थांबून राहतो आणि मग वाढायला लागतो. त्यामुळे पुढची वीण पुन्हा याच महिन्यांत, याच पुळणीवर येते.

नराकडे पाहताना त्याचा आवाज ऐका. डोकं मागे टाकून, नाक तोंडात लोंबवून तो ठोक्याठोक्यांनी घुमतो. प्रत्येक नराची लय आणि स्वर वेगळे असतात आणि शेजारचे नर ते ओळखतात. हरलेला नर जिंकणाऱ्याचा आवाज ऐकूनच मागे सरतो, म्हणून लढाया वाटतात त्यापेक्षा कमी होतात. एकेका वरचढ नराभोवती कित्येक डझन माद्या असतात आणि बहुसंख्य नरांना आयुष्यात एकदाही जोडीदार मिळत नाही. कळपाच्या कडेला गप्प पडलेले नर दिसतील, ते संधीची वाट पाहणारे. मोठा नर तीन महिने अन्नावाचून इथेच राहतो. समुद्रावर खाऊन यावं तर जागा जाते.

एखाद्या ठिकाणी गल पक्षी अचानक जमून गोंगाट करायला लागले तर दुर्बीण तिकडे वळवा. तिथे नुकतीच वीण झालेली असते आणि पक्षी वारेवर, म्हणजे पिल्लापाठोपाठ बाहेर पडणाऱ्या वेष्टनावर, तुटून पडलेले असतात. जन्मलेल्या पिल्लाकडे तोंड करून मादी आवाज देते आणि पिल्लू ओरडून उत्तर देतं. या पहिल्या हाकांवरून दोघं गर्दीत एकमेकांना ओळखायला शिकतात.

सील निपचित पडलाय, श्वासही घेत नाही. मेलाय का?

बहुधा झोपला आहे. एलिफंट सील जमिनीवरही कित्येक मिनिटं श्वास रोखून झोपतो. समुद्रात तो साधारण २० मिनिटांची बुडी मारतो, दोन-तीन मिनिटं वर येतो आणि परत खाली जातो. असं महिनोन्‌महिने, रात्रंदिवस. बुड्या ३०० ते ६०० मीटर खोल असतात, क्वचित दीड किलोमीटरहून अधिक. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार समुद्रात असताना तो दिवसाला सरासरी दोनच तास झोपतो आणि तेही खोल बुडीत, गोल गोल खाली जात असताना. किनाऱ्यावर आल्यावर त्याची ती लांबलेली झोप तुम्ही पाहत असता.

डोळ्यांतून पाणी वाहणं, अंगावर वाळू उडवणं, नाकातून शेंबूड येणं हेही नेहमीचंच. वाळू उडवून तो अंग थंड ठेवतो.

काही सीलांच्या अंगावर आकडे किंवा बिल्ले का असतात?

सांता क्रूझच्या विद्यापीठातले संशोधक १९६० च्या दशकापासून इथे काम करतात. केसांना रंग लावून आकडे काढतात, ते कात टाकताना निघून जातात. मागच्या वल्ह्यासारख्या पायाला लावलेला प्लास्टिकचा बिल्ला मात्र राहतो. आन्यो न्वेवोचे बिल्ले हिरवे असतात. दुसऱ्या किनाऱ्यांचे रंग वेगळे. दुर्बिणीतून हिरव्याखेरीज रंग दिसला तर गाइडला सांगा, तो सील पाहुणा आहे.

हे प्राणी कधी संपत आले होते का?

जवळजवळ संपलेच होते. १९व्या शतकात दिव्याच्या आणि यंत्राच्या तेलासाठी त्यांची सरसकट कत्तल झाली. १८९० च्या सुमारास मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर जेमतेम शंभरएक उरले असावेत. १९२२ साली मेक्सिकोने त्यांना संरक्षण दिलं आणि काही वर्षांत अमेरिकेनेही. तिथून ते उत्तरेकडे पसरत आले. आन्यो न्वेवो बेटावर १९५५ मध्ये पहिले सील दिसले, १९६१ मध्ये तिथे पहिलं पिल्लू जन्मलं आणि १९७५ च्या जानेवारीत समोरच्या मुख्य भूमीवर. आज ही जात दीड लाखाच्या पुढे गेली आहे.

मात्र हे सगळे त्या मूठभरांचेच वंशज आहेत, त्यामुळे त्यांच्यात आनुवंशिक विविधता फार कमी आहे. एखादा साथीचा रोग आला तर काय होऊ शकतं ते अर्जेंटिनातल्या वाल्देस द्वीपकल्पावर २०२३ मध्ये दिसलं. बर्ड फ्लूने तिथल्या दक्षिणी एलिफंट सीलांची त्या हंगामातली जवळपास सगळी पिल्लं मारली. रोगाची शंका आली की पार्क फेऱ्या थांबवू शकतं. तशी सूचना मिळाली तर हुज्जत न घालता तिचा मान राखावा आणि मेलेल्या पक्ष्याला किंवा प्राण्याला कधीही हात लावू नये.

सील आणि सी लायन यांत फरक कसा ओळखायचा?

कानाची पाळी बाहेर दिसली आणि प्राणी पुढच्या वल्ह्यांवर उठून चारी पायांनी चालल्यासारखा चालला तर तो सी लायन. कानाच्या जागी नुसतं भोक आणि पोटावर सुरवंटासारखं सरकणं हा सील. कुत्र्यासारखं भुंकणं बेटावरून ऐकू येतं ते सी लायनचं. त्या बेटावर १८७२ मध्ये धुक्याचा भोंगा बसवला होता. १९४८ मध्ये ते ठाणं सोडून दिलं आणि रखवालदाराच्या जुन्या घरात आता सी लायन राहतात.

आणखी काय दिसतं?

डिसेंबर ते एप्रिल दरम्यान राखाडी देवमासे किनाऱ्यालगत जातात. शांत समुद्रावर त्यांचा फवारा दिसतो. समुद्री ऑटर, हॅरियर हा शिकारी पक्षी आणि पेलिकनही दिसतात. बेटाभोवतीच्या पाण्यात शरद ऋतूत मोठे पांढरे शार्क येतात, पण ते किनाऱ्यावरून क्वचितच दिसतात. म्हणून त्यासाठी म्हणून जाऊ नका. उत्तरेला दहा-अकरा किलोमीटरवर पिजन पॉइंटचं ११५ फुटी दीपगृह आहे, तिथे अर्धा तास थांबण्यासारखं आहे.

वाटेवर कशापासून जपावं?

पॉइझन ओक. तीन-तीन पानांचं हे झुडूप वाटेच्या कडेला असतं, हिवाळ्यात त्याची पानं गळतात आणि नुसत्या काड्या उरतात. काडीला हात लागला तरी एक-दोन दिवसांनी खाजरे फोड येतात. घरी आल्यावर साबणाने हात धुवा आणि कपडे वेगळे धुवा. गवतात गोचीड असतात, म्हणून पँट मोज्यात खोचा आणि रात्री मुलांची मान, काखा आणि गुडघ्यामागचा भाग तपासा. पाण्यात पाय बुडवायलाही जाऊ नका. इथली लाट अचानक उंच येते आणि परतताना वाळूसकट ओढते.

फोटोसाठी काय न्यावं?

फोनमध्ये कळपाचं दृश्य चांगलं येतं, एकटा सील लहान दिसतो. कॅमेरा असेल तर २०० ते ३०० मिलिमीटरची लेन्स पुरते. वाऱ्याने वाळू उडते, म्हणून वाटेत लेन्स बदलू नका. ८ किंवा १० पटींची एक दुर्बीण चौघांत मिळून न्या. आई-बाबांना कॅमेऱ्यापेक्षा तिचाच जास्त उपयोग होतो.

फेरी रद्द झाली किंवा तिकीट मिळालं नाही तर?

दोन जागा आहेत आणि दोन्हींकडे तिकीट लागत नाही.

पिएद्रास ब्लांकास ही सॅन सिमियनच्या उत्तरेला हायवे १ ला लागूनच असलेली जागा. गाडी लावून लाकडी वाटेवर उभं राहायचं आणि कठड्याखालीच शेकडो सील पाहायचे. व्हीलचेअर जाते, वर्षभर खुलं असतं आणि निळ्या जॅकेटमधले स्वयंसेवक माहिती देतात. इथे सील १९९० मध्ये आले आणि आता ही फार मोठी वसाहत झाली आहे. सॅन होजेपासून तीन-साडेतीन तास लागतात. बिग सुरजवळ हायवे १ दरडींमुळे अनेकदा बंद असतो, म्हणून हायवे १०१ ने खाली जाऊन हायवे ४६ ने किनाऱ्याला या. ज्यांना वाळूत चालवत नाही अशा ज्येष्ठांना आम्ही सरळ इथेच नेण्याचा सल्ला देतो, मग आन्यो न्वेवो कितीही जवळ असो.

पॉइंट रेयीस सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला. चिमनी रॉकजवळच्या कठड्यावरून सील दिसतात आणि हिवाळ्यात ड्रेक्स बीचवरही असतात. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शेवटच्या टप्प्यातली गाड्यांची व्यवस्था बदलू शकते, तेव्हा त्या दिवसाची व्यवस्था नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर पाहून निघा.

दुसऱ्या एखाद्या बीचवर एकटं पिल्लू दिसलं तर?

मार्च-एप्रिलमध्ये एकटं, गुबगुबीत, झोपलेलं पिल्लू दिसणं स्वाभाविक आहे. त्याला पाण्यात ढकलू नका, त्याच्यावर पाणी ओतू नका, खायला देऊ नका. ते हाडकुळं, जखमी किंवा जाळ्यात अडकलेलं वाटलं तर ५० यार्ड दूर राहून फोटो काढा, नेमकी जागा टिपून ठेवा, कुत्र्यांना आणि मुलांना लांब ठेवा आणि सॉसलिटोच्या ‘मरीन मॅमल सेंटर’ला फोन करा. ते प्रशिक्षित माणसं पाठवतात. माणसं पोहोचायला काही तास लागू शकतात, तेवढा वेळ लांबूनच लक्ष ठेवता आलं तर ठेवा.